बाटल्यांची खोली

आमच्या घरात सगळ्यात जास्त लाड कुणाचे झाले असतील, तर ते फ्रान्समधून आलेल्या जुन्या तांबड्या वाइनचे. लेकीचे झाले नाहीत, माझे तर नाहीच नाही. लेक लहानपणी तापानं फणफणायची तेव्हा नवरा कूस बदलून झोपायचा. बाटल्यांच्या खोलीतला एसी जरा खरखरला की मात्र बनियनवर धावत सुटायचा. हे मी रागानं लिहिते आहे. राग ओसरायची वाट बघत बसले असते तर लिहिलंच गेलं नसतं.

आमचं घर पडेगावात, दौलताबादच्या रस्त्याला लागून आत. बांधलं तेव्हा नकाशात खाली एक खोली मुद्दाम काढली होती, उतारवयातल्या माणसांसाठी. तिला लागूनच संडास-बाथरूम, भिंतीला धरायला स्टीलची दांडी, उंबरठा नाही. सासूबाई त्या खोलीत राहायला यायच्या होत्या, पण त्या घराची वास्तुशांत व्हायच्या आधीच गेल्या. खोली रिकामी राहिली, आणि आयत्या बिळावर नागोबा यावा तशा बाटल्या येऊन बसल्या.

नवऱ्याचा वाळूजला कारखाना. गाड्यांना लागणारे छोटे सुटे भाग तिथं होतात. एकदा यंत्रांच्या प्रदर्शनासाठी तो परदेशी गेला आणि तिथल्या कुणी गिऱ्हाइकानं त्याला जुनी बोर्दो, म्हणजे फ्रान्सची तांबडी वाइन, पाजली. तिथून जे खूळ लागलं ते लागलं. आधी दोन बाटल्या आल्या, मग चार. मग तो फोनवर परदेशातले लिलाव बघायला लागला. जेवताना ताटाशेजारी फोन, एका हातानं घास आणि दुसऱ्यानं बोली. बाटल्या तिकडंच कुणाच्या तरी घरी जमा व्हायच्या, आणि ओळखीपाळखीत कुणाचा मुलगा, कुणाची सून परत यायची असली की त्यांच्या गळ्यात दोन-दोन बांधल्या जायच्या. एका मुलानं आपल्या आईसाठी घेतलेला मिक्सर तिकडंच ठेवला आणि आमच्या बाटल्या आणल्या. त्याच्या आईनं माझ्याशी बोलणं सोडलं ते अजून सोडलेलंच आहे.

प्यायच्या म्हणून असत्या तर मी इतकी चिडले नसते. पण हा गृहस्थ त्यातली एक बाटली उघडायचा नाही. स्वतः संध्याकाळी व्हिस्की घ्यायचा. "मग ही कधी प्यायची?" असं विचारलं की म्हणायचा, "अजून तिची वेळ आलेली नाही." आमच्या लग्नाच्या आधी जन्मलेल्या बाटल्या होत्या त्यात. त्यांची वेळ आली नाही, मग माझी कधी येणार होती?

त्या खोलीचे कायदे होते. खिडकीला आतून थर्माकोल आणि काळा कागद. एसी बारा महिने चोवीस तास. वीज गेली तर इन्व्हर्टर आधी त्या खोलीला, आम्ही अंधारात. औरंगपुऱ्यातल्या प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातून आणलेले तापमापक आणि हवेतला ओलावा मोजायचं यंत्र भिंतीला टांगलेलं. बाटल्या लाकडी मांडणीवर आडव्या, म्हणजे बुचं आतून ओली राहतात. बूच वाळलं की आत हवा शिरते आणि सगळं आंबतं. हे सगळं मला पाठ आहे, कारण खोलीची सेवा माझ्याकडं होती. आपल्याकडची हवा कोरडी, त्यात एसी उरलासुरला ओलावा शोषून घेतो. म्हणून मांडणीच्या खाली गोणपाटाची पोती अंथरलेली असायची आणि ती रोज सकाळी भिजवायची. नवरा कारखान्यात जायचा. शाळेत शिकवायला जायच्या आधी साडी वर खोचून पोती कोण भिजवणार? मी.

आणि पाणी कसलं, तर टँकरचं. या शहरात नळाला पाणी कधी येतं हे सांगायला ज्योतिषी बसवावा लागेल. आमच्याकडं धुणं एक दिवसाआड व्हायचं, अंगणातली मोसंबी वाळून गेली, पाहुणा आला की बाथरूमबाहेरून "बादली अर्धीच भरा हो" असं सांगायची माझ्यावर वेळ यायची. पोत्यांना मात्र रोज दोन बादल्या. "अगं, घरातली सगळ्यात महागडी वस्तू आहे ती," नवरा म्हणायचा. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच. मी ते त्याला तोंडावर म्हणाले होते. तो हसला होता.

मग माझी आई पडली.

माझं माहेर लासूर स्टेशनचं. वडील गेल्यावर आई भावाकडं राहायची. अंगणात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन इथं शहरात झालं, व्यायाम शिकवायला माणूस इथं येणार, म्हणून तिला माझ्याकडं आणलं. भावाच्या घरावर पत्रे, आणि दिवस उन्हाळ्याचे. तिला तिकडं पाठवायचा प्रश्नच नव्हता. जिना चढणं तिला शक्य नाही आणि आमच्या झोपायच्या खोल्या वर. खाली हॉल, स्वयंपाकघर आणि ती खोली. दांडी असलेली, उंबरठा नसलेली, थंड.

"आईला त्या खोलीत ठेवूया," मी म्हणाले. मला वाटलं होतं यात विचारण्यासारखं काही नाही, मी नुसतं कानावर घालते आहे.

नवऱ्यानं चहाचा कप खाली ठेवला. म्हणाला, "शक्य नाही. माणसाच्या अंगाची ऊब असते. दार सारखं उघडणार, उजेड जाणार. आणि आई बाम लावतात. तो वास बुचातून आत जातो."

थट्टा करत असेल असं वाटलं, पण तो थट्टा करत नव्हता.

आईची खाट हॉलमध्ये पडली, कूलरसमोर. आमचा हॉल दुमजली उंचीचा, हौसेनं तसा बांधलेला, वर सगळी काच. कूलर तिथं नुसता आवाज करायचा. दुसरा एसी लावायचा म्हटलं तर मीटरचा लोड पुरत नाही, आणि लावून तरी हवा सगळी वर जाणार, हे नवऱ्याचं उत्तर तयार. संडासला जायचं तर तिला त्या खोलीतून जाता येत नव्हतं, म्हणून मी हॉलच्या कोपऱ्यात पडदा बांधून भांडं ठेवलं. जन्मभर पहाटे उठून सगळं आवरणारी बाई ती, पडद्यामागं जाताना दर वेळी मला म्हणायची, "तू जरा आत जा गं माय." मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायची आणि शेजारच्या खोलीत एसी गार हवा सोडत असायचा. त्या दिवसांत मी माझ्या नवऱ्याचा मनापासून तिरस्कार केला. दुसरा सौम्य शब्द मला सापडत नाही.

दुपारी तिच्या पाठीवर घामोळं उठायचं. मी पाठ पुसून द्यायची. ती तक्रार करायची नाही, उलट म्हणायची, "जावईबापूंच्या वस्तू नाजूक हायेत. आपून काय, कुटं बी पडून ऱ्हाऊ." तिच्या या समजूतदारपणाचा मला नवऱ्याइतकाच राग यायचा.

शेवटी मी हटून बसले. एक तर बाटल्या, नाहीतर मी. लेक हैदराबादेत नोकरीला, तिनंही फोनवरून बापाला चार शब्द सुनावले. नवरा दोन दिवस फुगून राहिला आणि मग एका सकाळी म्हणाला, "ठीक आहे. लिलाव करून टाकतो सगळ्याचा. खोली रिकामी झाली की आईंना आत घे." मला खरं वाटेना. त्याच दिवशी मी आईची चादर, उशी, देवाचा छोटा फोटो असं एका बाजूला काढून ठेवलं.

माल परदेशी परत पाठवता येत नाही आणि इथं दुकान मांडून विकता येत नाही. असं घरात विकणं कायद्यात बसतं का, असं मी विचारलं तर "मित्रामित्रांतली देवघेव आहे" म्हणाला. मित्र तिघं. एक बिल्डर, एक कारखानदार, एक हॉटेलवाला. तिघांनाही या वाइनचं वेड, किंवा वेड असल्याचं दाखवायची हौस. पण आपसांत मोठ्यानं बोली लावायची कुणाची तयारी नव्हती. रोज एकमेकांबरोबर उठणंबसणं, एकानं आकडा टाकला आणि दुसऱ्याला तो झेपला नाही तर लाज जायची. तेव्हा नवऱ्याला सुचलं ते हत्ता लावायचं. त्याचा चुलतभाऊ लासूरच्या मोंढ्यात, कांदा-धान्याच्या बाजारात, अडत्या. त्याला बोलावून घेतलं.

हत्ता म्हणजे रुमालाखालचा सौदा. अडत्या हातावर रुमाल टाकतो, गिऱ्हाईक त्याखाली हात घालून त्याची बोटं दाबतं. कुठलं बोट, किती पेरं, यावर भाव ठरतो. कुणी किती दाबली ते अडत्याशिवाय कुणाला कळत नाही. मोंढ्यातनं आता हे बंद झालं, सगळं तोंडी आणि उघड्यावर चालतं. बैलबाजारात अजून कुठं कुठं दिसतं. मला ते लहानपणापासून येतं. वडील कांदा घेऊन जायचे तेव्हा मी बरोबर असायची आणि घरी आल्यावर ते माझी बोटं दाबून विचारायचे, "सांग, किती?" मी चुकायची नाही.

लिलाव रविवारी दुपारी ठरला. चुलतदीर सकाळीच पिकअप घेऊन आला. आधी आईजवळ बसला. "मावशी, कसं काय? लई गरम हाय की इथं." आई म्हणाली, "व्हय, पण आता खोली रिकामी व्हायलीय." त्या एका वाक्यासाठी मी त्या दिवशी मसाल्याचे शेंगदाणे भाजले, शेव तळली, भजी केली. ज्या बाटल्यांचं मी तोंड बघितलं नसतं, त्या चढ्या भावानं जाव्यात म्हणून मी देवापुढं दिवा लावला.

मित्र आले. बाटल्या टेबलावर मांडल्या. नवऱ्यानं एकेक बाटली उचलून पाठीमागं बॅटरी धरली, मानेपर्यंत वाइन कशी टिकून आहे, गाळ कसा तळाशी बसलाय ते दाखवलं. नव्या नवरीचा घुंघट उचलावा तसा हळुवार. तिघं माना हलवत होते. मग बोलीची वेळ आली आणि बिल्डर म्हणाला, "भाई, वानगी तो दिखाओ."

नवरा गडबडला. "वानगी कसली? ही उघडली की संपली."

चुलतदीर हातावर रुमाल पसरत होता, तो थांबला. "दादा, वानगी दाखवल्याबिगर बोली न्हाई लावत कुणी. कांद्याची गोणी बी फोडून दाखवतो आपून. बंद पोत्यावर कोन हात देईल?"

तिघांनीही मान डोलावली. पोत्यात हात घातल्याशिवाय सौदा करणारी माणसं नव्हतीच ती. बोर्दो असो की कांदा. नवऱ्याचा चेहरा उतरला. एवढ्या वर्षांत जिची वेळ आली नव्हती, ती अशी आली. त्यानं बूच ओढलं, ते मधेच तुटलं, उरलेलं टोकरून काढावं लागलं. मला फार बरं वाटलं. मग त्यानं बारीक धार लावून काचेच्या भांड्यात ओतली आणि गाळ मागं ठेवला.

ग्लास उचलायला गेले तेव्हा एकाच्या तळाशी थोडी उरली होती. स्वयंपाकघरात जाऊन मी ती चाखली. आंबट, तुरट, आणि मागून जुन्या लाकडी पेटीतल्या लुगड्यांचा वास. चव वाईट नव्हती. चांगली होती. तेच मला जास्त झोंबलं. माझ्या हातची भिजलेली पोती होती त्या चवीत, आणि घोटभर प्यायला मला कुणी बोलावलं नव्हतं.

वानगी पसंत पडली. हत्ता सुरू झाला. सगळा माल एकगठ्ठा जाणार होता. बिल्डरचा हात रुमालाखाली गेला, मग कारखानदाराचा, मग हॉटेलवाल्याचा. पुन्हा एक फेरी झाली. कुणी कुणाकडं बघत नव्हतं, सगळे छताकडं बघत होते. आई खाटेवर कोपरावर रेलून उठली होती. तिला रुमाल दिसला तशी तिच्या चेहऱ्यावर ओळखीची कळा आली.

मी भज्यांची प्लेट घेऊन बाहेर आले, आणि रुमालाखाली चौथा हात बघितला. रुमालाखाली बोटं दिसत नाहीत, पण हात कुणाचा आहे ते दिसतं. शर्टाची दुमडलेली बाही मी सकाळी इस्त्री केली होती.

चुलतदीरानं क्षणभर त्याच्याकडं बघितलं, मग मान खाली घातली आणि म्हणाला, "गेला माल. सौदा झाला."

"कुणाकडं?" हॉटेलवाल्यानं विचारलं.

"ते गुपित," नवरा घाईनं म्हणाला. "मोठ्या लिलावात घेणाऱ्याचं नाव सांगत नसतात." तिघांनी एकमेकांकडं संशयानं बघितलं. प्रत्येकाला वाटलं दुसऱ्यानं मारली बाजी. नवरा मात्र एकेक बाटली उचलून पुन्हा खोलीतल्या मांडणीवर नेऊन ठेवायला लागला.

त्याला विकायच्याच नव्हत्या. लोक किती देतील एवढंच त्याला बघायचं होतं, आणि मला "केला की लिलाव" म्हणून गप्प करायचं होतं. मी आईकडं बघितलं. ती पुन्हा आडवी झाली होती आणि तोंड भिंतीकडं केलं होतं. माझ्याआधी तिला कळलं होतं.

मी प्लेट टेबलावर आपटली. चुलतदीरासमोर हात केला. "भाऊजी, अजून एक बोली आहे. माझा हात घ्या."

नवरा म्हणाला, "काय चाललंय? तू काय देणार?"

"माझ्या पाटल्या, गोठ, सगळं. बापाघरचं आहे, तुमचं नाही. शेवटच्या हातापेक्षा बोटभर जास्तच देते. माल माझा आणि खोली रिकामी."

मी खरंच दिलं असतं. मला येत होतं ते. कुठलं बोट धरायचं, किती पेरं दाबायची, सगळं डोक्यात तयार होतं. चुलतदीरानं माझ्या हाताकडं बघितलं, मग दादाकडं. त्यानं रुमाल हातावरून काढला, झटकला आणि खांद्यावर टाकला.

"वहिनी," तो हळू आवाजात म्हणाला, "बायांचा हात रुमालाखाली घेत न्हाईत."

बिल्डर आधी हसला. मग बाकीचे दोघं. सगळ्यात मोठ्यानं नवरा हसला, आणि हसता हसता एक भजं उचलून तोंडात टाकलं. माझा हात तसाच पुढं राहिला होता, तो मला मागं घ्यावा लागला. आजही हे लिहिताना त्या हाताला लाज वाटते, आणि ती लाज माझी नाही हे ठाऊक असून वाटते.

तेवढ्यात खाटेवरून आईचा आवाज आला. "बाबा, तुज्या गाडीत म्होरं जागा हाय का? मला सोड घरी."

"मावशी, एवढ्या उन्हाचं?"

"पत्र्याखालचं ऊन हाय, वळखीचं हाय," आई म्हणाली. "काड बाई माझं लुगडं."

मी तिला अडवलं नाही. बाजूला काढून ठेवलेली चादर आणि उशी उचलली, फोटो उचलला. ते आता कामाला आलं. चुलतदीरानं आणि मी तिला दोन्ही बाजूंनी धरून पिकअपच्या पुढच्या सीटवर बसवलं. सीट तव्यासारखी तापलेली. आई दचकली. मी घरात पळत गेले, बाटल्यांच्या खोलीतलं एक ओलं पोतं ओढलं आणि तिच्या पाठीमागं, मांडीखाली अंथरलं. तिनं डोळे मिटले. "आता गार वाटलं गं," म्हणाली.

नवरा दारात उभा होता. मला वाटलं, निदान आता काही बोलेल. थांबा म्हणेल. खोटं का होईना, म्हणेल.

तो चुलतभावाला म्हणाला, "ते पोतं तेवढं परत आण रे."

मी आत गेले. मांडणीखालची सगळी पोती ओढून काढली, पाणी गळत होतं, हॉलभर ओघळ झाले, पाहुण्यांच्या बुटांवरून गेले. ती सगळी पिकअपमध्ये मागं टाकली. नवरा "अगं, अगं" करत मागं येत होता. चपला घातल्या आणि आईच्या शेजारी जाऊन बसले. चुलतदीरानं एकदा घराकडं बघितलं आणि गाडी चालू केली.

लासूरला भावानं आणि मी ती पोती आईच्या खिडकीला टांगली, एक पत्र्याखाली आडवं बांधलं आणि बोअरच्या पाण्यानं भिजवली. वारा आत यायला लागला तो गार यायला लागला. संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. नीट पोचलात का, आईंचा पाय दुखतोय का, यातलं काही त्यानं विचारलं नाही. त्यानं विचारलं, "ओलाव्याचा काटा खाली चाललाय. खोलीत आता काय ठेवू?"

"तुम्ही स्वतः जाऊन बसा," मी म्हणाले. "अंगाला घाम आहे ना? तेवढाच ओलावा."

आई खिडकीकडं तोंड करून झोपली होती. मी फोन ठेवला आणि पोत्यांवर आणखी एक तांब्या पाणी मारलं.